अमेरिकेत नवीन आलात? डब्यातलं सूप की घरचं सूप, सगळं एका ठिकाणी

ऑगस्टमध्ये शिकायला आलेली मुलं साधारण ऑक्टोबरपर्यंत हौसेने पोळ्या लाटतात, मग असाइनमेंट्स सुरू होतात, पाच वाजता अंधार पडायला लागतो, आणि एक दिवस दुकानात सूपच्या डब्यांच्या रांगेसमोर उभं राहून विचार करतात की हे घेतलं तर काय हरकत आहे, दोन मिनिटांत गरम होतं. हरकत काहीच नाही. पण कुठला डबा घ्यायचा, त्याच्यावर काय वाचायचं आणि तेवढ्याच मेहनतीत घरी काय होऊ शकतं हे आधी कोणी नीट सांगितलं तर बराच गोंधळ वाचतो, म्हणून हे लिहितेय. मी इथे बरीच वर्षं आहे, दोन्ही खाल्लंय, दोन्ही अजूनही कपाटात असतं. पण रोजच्यासाठी घरचंच करा असं माझं ठाम मत आहे आणि त्याचं मुख्य कारण मीठ. चव, पैसे वगैरे नंतर.

सूप म्हटलं की हॉटेलातलं मंचाव डोळ्यापुढे आणू नका. टोमॅटोचं सार, मुगाचं कढण, कुळथाचं कळण हे सगळं सूपच आहे आणि ते करायला तुम्हाला कुठलीही नवीन विद्या शिकायची नाहीये.

१. डब्यात नक्की काय असतं ते आधी समजून घ्या

दुकानात दोन प्रकारचे डबे दिसतील. छोटा, पावणेअकरा औंसाच्या आसपासचा, तो कंडेन्स्ड. म्हणजे आटवलेलं सूप, त्यात तेवढंच पाणी किंवा दूध घालून गरम करायचं. मोठा, अठरा-एकोणीस औंसाचा, तो रेडी टू सर्व्ह, त्यात पाणी घालायचं नसतं. नवीन माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो, कंडेन्स्ड डबा तसाच गरम करून खातात आणि इथलं सूप इतकं खारट कसं म्हणून विचारतात. डब्यावर कंडेन्स्ड हा शब्द असतो, बारीक असला तरी असतो.

हे आटवायचं तंत्र कॅम्पबेल कंपनीतल्या जॉन डॉरन्स नावाच्या केमिस्टने १८९७ साली बसवलं. पाणी काढलं की डबा लहान होतो, वाहतूक स्वस्त होते, आणि सूप सामान्य घराच्या आवाक्यात येतं, एवढा साधा हिशेब होता तो. त्यामुळे हे डबे इथल्या लोकांच्या लहानपणाचा भाग आहेत, तुमचा रूममेट आजारी पडला आणि चिकन नूडलचा डबा शोधायला लागला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, आपण जसं मऊ भात आणि मेतकूट मागतो तसंच ते आहे.

आता महत्त्वाचं. डबा वर्षानुवर्षं टिकतो तो मिठामुळे नाही. भरलेला डबा हवाबंद करून दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, आतले जंतू आणि त्यांचे बीजाणू मरतात, म्हणून तो टिकतो. मीठ असतं ते चवीसाठी, कारण इतकं तापल्यावर भाज्यांची चव मंदावते, गाजर, बटाटा, नूडल सगळं एकसारखं मऊ होतं, आणि मग ती उणीव मिठाने, साखरेने आणि पिठाने भरून काढतात. टोमॅटो सूपच्या डब्यात साखर आणि गव्हाचं पीठ दिसलं तर ते याचसाठी. हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. घरच्या सूपमध्ये भाजीची चव जागेवर असते म्हणून कमी मिठात भागतं.

आणि हो, डब्यातलं सगळं सत्त्व निघून जातं असं जे म्हणतात ते खरं नाही. सी जीवनसत्त्व बरंच कमी होतं हे बरोबर. पण टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याचा लाल रंग देणारं सत्त्व, शिजवल्यावर शरीराला उलट जास्त सहज मिळतं, आणि डाळ-बीन्समधलं प्रोटीन, फायबर कुठे जात नाही.

२. लेबल वाचायला शिका

डब्याच्या मागे न्यूट्रिशन फॅक्ट्सची पांढरी चौकट असते. त्यातलं सगळं वाचायची गरज नाही. आधी सर्व्हिंग साइझ बघा आणि डब्यात किती सर्व्हिंग आहेत ते बघा, मग सोडियमची ओळ, मीठ किती आहे ते त्यावरूनच कळतं.

सापळा असा की छोट्या कंडेन्स्ड डब्यात बहुतेक वेळा अडीच सर्व्हिंग लिहिलेली असतात. आता भूक लागलेला माणूस अडीच माणसांचं सूप आहे म्हणून अर्ध्याहून जास्त ठेवून देतो का, अख्खा डबा एकटाच खातो. समजा सोडियम लिहिलंय ८०० मिलिग्रॅम. अख्खा डबा म्हणजे २००० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात २००० मिलिग्रॅमच्या खाली राहा म्हणते, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ, चमचाभरही नाही. अमेरिकेच्या लेबलवर दिवसाची मर्यादा २३०० धरलेली असते. म्हणजे एका जेवणात, तेही ब्रेड किंवा क्रॅकर्स न धरता, दिवसाचा कोटा संपला. आणि ८०० हा मी मुद्दाम शोधून काढलेला आकडा नाही, साध्या डब्यांवर ६०० ते ९०० सर्रास दिसतं, दुकानात उभं राहून स्वतः बघा.

सोडियमच्या उजवीकडे टक्केवारी असते. ५ टक्के किंवा त्याखाली म्हणजे कमी, २० टक्के किंवा वर म्हणजे जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात जे लिहितात त्याचे अर्थ सरकारी नियमाने ठरलेले आहेत, अंदाजाने घेऊ नका:

- लो सोडियम: एका सर्व्हिंगला १४० मिलिग्रॅम किंवा कमी. हे खरोखर कमी.
- रिड्यूस्ड सोडियम: त्याच कंपनीच्या नेहमीच्या सूपपेक्षा निदान २५ टक्के कमी. नेहमीचं ८०० असेल तर हे ६०० सुद्धा असू शकतं, म्हणजे अजून भरपूरच आहे.
- लाइट इन सोडियम: नेहमीच्या निम्मं.
- नो सॉल्ट अ‍ॅडेड: वरून मीठ घातलेलं नाही, भाजीत मुळात असतं तेवढं असेल.

यातलं रिड्यूस्ड लोकांना सगळ्यात जास्त फसवतं. भारतातून आईवडील राहायला येतात, बाबांना बीपी असतं, मुलं प्रेमाने रिड्यूस्ड लिहिलेले डबे आणून ठेवतात आणि सगळ्यांना वाटतं काळजी मिटली. आईवडील येणार असतील तर मागची सोडियमची ओळ तर नक्की वाचा.

३. शाकाहारी असाल तर इथे थांबून वाचा

आपल्याकडचा हिरवा ठिपका इथे नसतो. ही सवय मोडायला वेळ लागतो, कारण आपण वर्षानुवर्षं पाकीट उलटून फक्त ठिपका बघितलेला असतो. इथे इन्ग्रेडियंट्सची अख्खी यादी वाचावी लागते, दुसरा उपाय नाही.

डब्यावर भाज्यांचं चित्र आहे आणि नाव व्हेजिटेबल आहे म्हणजे ते शाकाहारी असं अजिबात समजू नका. कॅम्पबेलचं साधं कंडेन्स्ड व्हेजिटेबल सूप बीफ स्टॉकमध्ये, म्हणजे गोमांसाच्या रश्शात केलेलं असतं, बिनमांसाचं हवं असेल तर व्हेजिटेरियन व्हेजिटेबल नावाचा वेगळा डबा आहे. शेल्फवर दोन्ही शेजारी शेजारी असतात. फ्रेंच ओनियन म्हणजे नुसता कांदा नाही, तो पारंपरिकपणे बीफच्या रश्शातच करतात. बटाट्याच्या, मक्याच्या, ब्रोकोलीच्या सूपमध्ये चिकन ब्रॉथ किंवा बेकनचे तुकडे असू शकतात. चावडर शब्द दिसला तर शिंपले किंवा मासे आहेत का बघा.

यादीत हे शब्द शोधा: चिकन ब्रॉथ, चिकन स्टॉक, बीफ स्टॉक, चिकन फॅट, जिलेटिन, अँचोव्ही (हे छोटे मासे). नॅचरल फ्लेवर असं मोघम लिहिलेलं असेल तर तेही प्राणिजन्य असू शकतं, कट्टर पाळणाऱ्यांनी व्हेगन लिहिलेलाच डबा घ्यावा. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी ते पण बघावं.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते. यादीच्या खाली ठळक अक्षरात कंटेन्स म्हणून ओळ असते, गहू, दूध, सोया वगैरे. ती अ‍ॅलर्जीसाठी आहे. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडा वर्ग, झाडावरचे नट्स, शेंगदाणा, गहू, सोया आणि २०२३ पासून तीळ, एवढ्याच नऊ गोष्टी त्यात सांगणं बंधनकारक आहे. चिकन आणि बीफ त्यात येतच नाहीत. म्हणजे नुसती ती ओळ वाचून हे शाकाहारी आहे असं ठरवलंत तर चिकन ब्रॉथ बिनधास्त पोटात जाईल. पूर्ण यादी वाचा. पुन्हा सांगते, पूर्ण यादी.

४. सामान आणि भांडी

घरी सूप करायला खूप काही लागत नाही, पहिल्या महिन्यातच सगळं घ्यायची घाई करू नका.

भांडी:
- जाड बुडाचं पाच-सहा लिटरचं पातेलं, किंवा इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा प्रेशर कुकर. भारतातून कुकर आणला असेल तर तोच वापरा, फक्त काचेच्या शेगडीवर गोल बुडाचा कुकर नीट तापत नाही, सपाट बुडाचा हवा.
- हँड ब्लेंडर, थेट पातेल्यात घालून फिरवायचा.
- झाकणाचे उथळ काचेचे डबे.
- हाताने फिरवायचा कॅन ओपनर. विजेवरचा नको, कारण शेवटी सांगते.
- मास्किंग टेप आणि पेन.

किराणा:
- डब्यातले सालं काढलेले अख्खे टोमॅटो, नो सॉल्ट अ‍ॅडेड, २८ औंसाचे. थंडीत इथले ताजे टोमॅटो दिसायला लालभडक आणि चवीला पाणी असतात, डब्यातले उन्हाळ्यात पिकल्यावर भरलेले असतात. सूपचा डबा वेगळा आणि टोमॅटोचा डबा वेगळा, या दुसऱ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट माझ्या सगळ्या सूपांचा आधार तोच आहे.
- मसूर डाळ आणि मूग डाळ. देशी दुकान लांब असेल तर साध्या दुकानात रेड लेंटिल्स म्हणून जे मिळतं ती आपली मसूर डाळच.
- फ्रोझन मिक्स भाज्या, पालक, मटार. चिरायचं काम वाचतं.
- डब्यातले राजमा-छोले. पाणी ओतून देऊन नळाखाली धुतले तर त्यातलं बरंचसं मीठ, साधारण चाळीस टक्के, निघून जातं.
- कांदा, लसूण, आलं, लिंबू.

भारतातून येणार असाल तर आमसुलं, कुळथाचं पीठ, गोडा मसाला, मेतकूट आणा, पॅकबंद आणि नाव लिहिलेलं. विमानतळावर खाण्याचं सामान आहे का विचारलं की हो म्हणायचं, लपवायचं नाही. पण चिकन सूपची पाकिटं किंवा चिकनचे क्यूब बॅगेत टाकू नका, मांस असलेली सूप मिक्स अमेरिकेत आणता येत नाहीत, काढून घेतात.

मिठाबद्दल एक. इथल्या रेसिपींमध्ये कोशर सॉल्ट लिहिलेलं असतं. त्याचे खडे मोठे आणि पोकळ असतात, डायमंड क्रिस्टल नावाच्या मिठाचा एक चमचा वजनाला आपल्या बारीक मिठाच्या साधारण निम्मा भरतो. रेसिपीत दोन चमचे कोशर म्हटलंय म्हणून दोन चमचे बारीक मीठ घातलंत तर अख्खं पातेलं वाया जाईल.

५. पहिलं सूप: टोमॅटोचं, सारासारखं

इथूनच सुरुवात करा, बिघडणं अवघड आहे.

पातेल्यात दोन चमचे तूप किंवा तेल, त्यात जिरं, चार-पाच लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, एक मोठा कांदा जाडसर चिरून. कांदा पारदर्शक झाला की मसूर डाळ धुऊन तीन टेबलस्पून, टोमॅटोचा अख्खा डबा रसासकट, आणि तीन कप पाणी. इथला कप म्हणजे २४० मिलि, आपला चहाचा कप नाही. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. डाळ पूर्ण विरघळली पाहिजे, तीच घट्टपणा देते, म्हणून क्रीम लागत नाही, मैदाही लागत नाही. मग हँड ब्लेंडर फिरवा.

मीठ आत्ता घाला, आधी नाही. अर्धा चमचा, टीस्पूनचा. ढवळा, चाखा. बेचव वाटलं तर मिठाकडे हात जाण्याआधी चिमूटभर गूळ किंवा लिंबाचे चार थेंब घालून परत चाखा, बहुतेक वेळा कमी असतं ते आंबट-गोड, मीठ नव्हे. आमसुलं घातली असतील तर त्यांना मीठ लावलेलं असतं हे धरून चाला.

आता हिशेब करा. अर्धा चमचा मिठात साधारण ११५० मिलिग्रॅम सोडियम. पातेल्यात सहा वाट्या सूप झालं, म्हणजे वाटीला दोनशेच्या आसपास. डब्यातल्या टोमॅटो सूपला तेवढ्याच वाटीत साधारण दुप्पट-अडीचपट, चिकन नूडलला चौपट. आणि तुमच्या सूपमध्ये डाळ आहे, तुपाची फोडणी आहे, जिऱ्याचा वास आहे.

खर्चाचं म्हणाल तर शेल्फवरच्या किमतीच्या पट्टीवर मोठ्या आकड्याशेजारी बारीक आकडा असतो, दर औंसाला किती पडतं तो. तुलना त्या आकड्याची करा. कंडेन्स्ड डब्यात पाणी घालून दुप्पट होतं हे लक्षात ठेवून त्याचा आकडा अर्धा करा. मोठ्या रेडी टू सर्व्ह डब्यापुढे घरचं सूप जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. सेलमधल्या कंडेन्स्ड डब्यापुढे नेहमी पडेलच असं नाही, हे पण खरं.

सापळे: गरम सूप बंद मिक्सरमध्ये फिरवू नका, वाफेने झाकण उडतं आणि उकळतं सूप अंगावर येतं. मिक्सरच वापरायचा असेल तर अर्ध्यापेक्षा कमी भरा, झाकणातलं मधलं टोपण काढा, वर जाड फडकं दाबून धरा. दुसरा सापळा म्हणजे स्मोक अलार्म. इथल्या अपार्टमेंटमध्ये हिंग-मोहरीची फोडणी कडक केलीत की अलार्म वाजतो, काही इमारतींत अख्खी बिल्डिंग खाली उतरते. एक्झॉस्ट आधी लावा, खिडकी उघडा, तेलातून धूर निघायच्या आत जिरं टाका. अलार्मवर पिशवी बांधणं, बॅटरी काढणं हे करू नका, दंड होतो आणि ते धोक्याचंही आहे. तिसरं, विजेची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते, डाळीचं सूप खाली लागतं, बंद केल्यावर पातेलं बाजूला सरकवा.

६. मुगाचं कढण, इन्स्टंट पॉटमध्ये

अर्धा कप मूग डाळ, चिरलेलं गाजर, मूठभर फ्रोझन पालक, आलं, हळद, मिरी, चार कप पाणी. हाय प्रेशरवर आठ मिनिटं, मग दहा मिनिटं आपोआप वाफ जाऊ द्या, लगेच झडप उघडू नका, डाळीचा फेस झडपेतून फवाऱ्यासारखा बाहेर येतो. भांड्याच्या आत रेघा असतात, डाळ-बीन्ससाठी अर्ध्याच्या रेघेच्या वर भरायचं नाही. वरून तुपात लसूण लाल करून घाला. ताप आला असेल, काहीच जात नसेल, तेव्हा हे करा, त्यात मिरी जरा जास्त.

राजम्याचं सूप करणाऱ्यांना कळकळीने सांगते, कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका. राजम्यात एक विषारी लेक्टिन असतं, ते नीट उकळल्यानेच जातं आणि स्लो कुकर तेवढा तापत नाही. अर्धवट शिजलेल्या थोड्याशा राजम्यानेही जोरदार उलट्या-जुलाब होतात. राजमा रात्री भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मग हवं तिथे घाला. कुकर किंवा इन्स्टंट पॉटमध्ये नीट शिजवला तरी चालतो. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, त्याची काळजी नको.

७. चिकन खाणाऱ्यांसाठी

दुकानात भाजलेलं अख्खं रोटिसरी चिकन मिळतं. मांस काढून खाल्लं की सांगाडा फेकू नका. पातेल्यात टाका, बुडेल एवढं पाणी, कांदा, गाजर, आलं, दहा मिरी, तमालपत्र, आणि दीड तास मंद. उकळी खळखळती नको, हलके बुडबुडे येतील इतपतच, नाहीतर रस्सा गढूळ होतो. गाळा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वर चरबीचा पांढरा थर जमलेला असतो तो चमच्याने उचलून काढता येतो. खालचा रस्सा जेलीसारखा थरथरत असेल तर उत्तम उतरला आहे समजा. या चिकनला आधीच मीठ लावलेलं असतं, म्हणून रश्शात वेगळं मीठ जवळजवळ लागत नाही. नूडल घालायच्या असतील तर वाढताना घाला, आधी घातल्या तर फुगून लगदा होतो.

८. गार करणं आणि साठवणं

डब्यातलं सूप कारखान्यातून निर्जंतुक होऊन आलेलं असतं, घरचं तसं नसतं. त्यामुळे घरच्या सूपची खरी जबाबदारी इथे सुरू होते.

आपल्याकडे रात्री आमटीचं पातेलं ओट्यावर राहतं आणि सकाळी उकळी आणून खातात. इथे हीटिंग चालू असतं, घर रात्रभर उबदार असतं, आणि मोठं पातेलं आतून तासन्‌तास कोमट राहतं. ४ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, काहींचं विष नंतर उकळूनही जात नाही. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत सूप फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. अख्खं पातेलं ठेवू नका, उथळ डब्यांत वाटून ठेवा, लवकर गार होतं.

फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. त्यापुढचं फ्रीझरमध्ये, दोन-तीन महिने चव चांगली राहते. काचेच्या बरणीत गोठवत असाल तर वर इंचभर जागा सोडा, गोठल्यावर सूप फुगतं आणि बरणी तडकते, आणि फ्रीझरमधली बरणी थेट गरम पाण्यात ठेवू नका. डाळीची, टोमॅटोची सूपं छान गोठतात. दूध-क्रीमवाली फुटतात, बटाटा भुसभुशीत होतो, ते दोन्ही गरम करताना घाला. डब्यावर टेप लावून नाव आणि तारीख लिहा, चार रूममेट्सच्या फ्रीझरमध्ये तर लिहाच. परत गरम करताना नीट वाफा येईपर्यंत, ७४ अंशांपर्यंत, आणि लागेल तेवढंच काढून.

व्हिडिओ बघून घरीच बरण्यांमध्ये सूप भरून कपाटात ठेवायचा मोह होतो. साध्या उकळत्या पाण्यात बरण्या ठेवून हे करू नका. पाणी १०० अंशांवर थांबतं, बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू त्यात मरत नाहीत, आणि डाळी-भाज्यांच्या सूपमध्ये त्यांना थांबवेल एवढा आंबटपणा नसतो. हे विष दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेऊ शकतं. त्यासाठी वेगळा प्रेशर कॅनर लागतो, आपला कुकर किंवा इन्स्टंट पॉट म्हणजे कॅनर नव्हे. फ्रीझर वापरा.

९. डबा उघडायचाच असेल तेव्हा

परीक्षेचा आठवडा असतो, फ्लू होतो, उभं राहवत नाही. खुशाल उघडा, फक्त थोडं सुधारून घ्या. कंडेन्स्ड डब्यात सांगितल्यापेक्षा जास्त पाणी घाला आणि वर फ्रोझन पालक, शिजलेली डाळ किंवा उरलेला भात घाला, एक डबा दोन जणांत वाटून खा. बटाटा टाकला की मीठ शोषून घेतो म्हणतात तसं काही होत नाही, खारटपणा कमी होतो तो फक्त बिनमिठाचं काहीतरी वाढवल्याने. वरून तूप-जिऱ्याची फोडणी आणि लिंबू. मीठ अजिबात नाही.

काही डब्यांना ओढायची कडी असते, काहींना नाही. कॅन ओपनर पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी: दोन दांडे उघडा, दातेरी चाक डब्याच्या वरच्या कडेच्या खाली आणि धारदार चाक कडेच्या आतल्या बाजूला बसवा, दांडे घट्ट दाबा, पत्र्याला भोक पडल्याचा हलका फस्स आवाज येतो, मग बाजूची चावी फिरवत जा, डबा आपोआप गोल फिरतो. झाकण शेवटपर्यंत कापू नका, थोडं चिकटलेलं ठेवा म्हणजे सूपमध्ये पडत नाही. कड ब्लेडसारखी असते, बोटाने उचलू नका, चमच्याने उचला.

डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही, शेगडीवर थेट ठेवायचा नाही. उरलेलं सूप डब्यातच फ्रीजला ठेवू नका, काचेच्या भांड्यात काढा, तीन-चार दिवसांत संपवा.

डबा फुगलेला असेल, गळत असेल, उघडताना आतून जोरात फवारा आला, तर चाखून बघायचं नाही, सरळ फेकायचं. छोटा पोचा चालतो. बोट आत बसेल एवढा खोल पोचा किंवा कडेच्या जोडावर पोचा असेल तर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका.

बर्फाच्या वादळासाठी म्हणून मात्र चार-सहा डबे घरात ठेवाच, कडीवाले आणि रेडी टू सर्व्ह. दिवसभर वीज गेली तर विजेची शेगडीही बंद, इन्स्टंट पॉटही बंद, फ्रीझर उघडायचा नाही, आणि डब्यातलं सूप शिजलेलं असल्यामुळे गार खाता येतं, पाणीही घालावं लागत नाही. हाताचा कॅन ओपनर घ्या म्हटलं ते याचसाठी. वर्षातून एकदा तारखा बघा आणि जवळ आलेले डबे खाऊन टाका.

पैशांची फारच ओढाताण असेल तर युनिव्हर्सिटीत फूड पँट्री, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणारी जागा, आहे का विचारा. मिशिगन स्टेटमध्ये १९९३ पासून विद्यार्थ्यांनीच चालवलेली आहे, आता खूप कॅम्पसवर असते. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याचं ओळखपत्र दाखवलं की पुरतं, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांनाही मिळतं का ते तिथेच विचारा, संकोच करू नका. सूपचे डबे तिथे हमखास असतात, पण सुकी डाळ, बीन्स आणि डब्यातले टोमॅटोही असतात, आणि ते बरेचदा मागे पडून राहिलेले असतात कारण कसे शिजवायचे हे खूप जणांना माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे, ते आधी उचला.